जाडबारीक

आबा,

तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांनी याला आता काय सुचलं. सुचलं नाही, डोकं फिरलं. परवा बुऱ्हाणपुरात, आपल्या शनवाऱ्याच्या दरवाज्यापाशी भाजी घेत होतो. एक म्हातारा काठी टेकत माझ्यासमोर येऊन थांबला, माझ्यापेक्षाही म्हातारा, तोंडात दात नाही. बराच वेळ तोंडाकडे बघत राहिला आणि मग सगळ्या बाजारादेखत ओरडला, "अरे, हा तर आपला जाडबारीक!" भाजीवालीने माझ्या पोटाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. तिला काय माहीत. म्हातारा माझा हात सोडेना. म्हणाला, "काय खेळायचास रे भाऊ, ज्या दिवशी खेळायचास त्या दिवशी!" बघा आबा, माणूस कौतुक करत होता आणि कौतुकातसुद्धा तुमचाच शब्द घुसलेला होता. इंग्रज गेले, महाराजांचं संस्थान गेलं, मी ज्या मैदानावर धावलो तिथे आता सरकारी गोदाम आहे, आणि तुमचा शब्द अजून बाजारात भाजी घेत फिरतो आहे. घरी आलो, पाय धुतले आणि कागद घेऊन बसलो. माफी मागायला बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. भांडायला बसलो आहे.

तुमचंच काम तुम्हाला सांगतो, कारण मी ते खाली जमिनीवर बसून बघितलं आहे. पुढच्या खोलीत तुम्ही दिवसभर तार ओढायचात. चांदीची कांडी, तिच्यावर सोन्याचा पत्रा चढवलेला, ती तापवून ठोकून लांब केली की मग जंतर. भोकं पाडलेली ती पोलादी पट्टी, पहिलं भोक मोठं, पुढचं त्याहून लहान, त्यापुढचं अजून लहान. एका भोकातून तार ओढायची, मग पुढच्यातून, असं करत करत ती केसासारखी व्हायची आणि जरीवाले येऊन घेऊन जायचे. पण त्याआधी तुम्ही डोळे मिटून ती तार अंगठ्याच्या आणि बोटाच्या नखांमधून सरकवायचात. कुठे जाड लागली, कुठे बारीक लागली, की तोंड कडू व्हायचं. "जाडबारीक हाय," एवढंच म्हणायचात आणि ती तार परत भट्टीत जायची. दुसरे लोक गाढव म्हणतात, नालायक म्हणतात. तुमच्याकडे एकच शिवी होती. मायच्या हातची भाकरी जाडबारीक, त्या वर्षीचा पाऊस जाडबारीक, देवळातल्या बुवाचं कीर्तन जाडबारीक. आणि मी मस्ती केली की, "याले एकदा जंतरातून काढलं पाहिजे." असं तर गल्लीतला प्रत्येक बाप म्हणायचा. पण त्यांच्या घरी जंतर नव्हतं, आबा. आपल्या घरी ते खुंटीला टांगलेलं असायचं. मला खरंच वाटायचं की एक दिवस हा माणूस मला त्या शेवटच्या भोकातून ओढणार.

म्हणून मी पळायला शिकलो, असं म्हटलं तरी चालेल. तापीच्या वाळूत पळायला शिकलो, पावसाळा सरून पात्र उघडं पडलं की आम्ही तिथेच असायचो. वाळूत पाय रुततो, तो काढून पुढे टाकायला जोर लागतो, आणि तिथे जो पळतो तो कडक जमिनीवर आला की उडतो. शाळेतले ड्रिलमास्तर मिशांना पीळ देणारे, फौजेतून आलेले. त्यांनी माझा डावा पाय बघितला आणि मला मैदानाच्या अगदी कडेला, चुन्याच्या रेघेवर उभं केलं. "तू लेफ्ट आउट. इथून हलायचं नाही. चेंडू आला की मात्र थांबायचं नाही." मी घरी येऊन मोठ्या ऐटीत मायला सांगितलं की मी लेफ्ट आउट झालो. ती चुलीपुढे बसली होती, हातातलं पीठ तसंच ठेवून माझ्याकडे वळली. "अन् बाकीची पोरं आत हायेत? मंग तूच कायले आउट? काय केलं तू?" तिला वाटलं, मास्तरांनी हाकललं. मी समजावून सांगितलं, तरी ती दुसऱ्या दिवशी शाळेत जायला निघाली होती. तुम्ही तार ओढता ओढता म्हणालात, "बसू दे त्याले बाहेर. आत येऊन तरी काय करणार हाय." तेव्हा मी हसलो होतो. लहान होतो.

कडेला उभं राहणं म्हणजे काय, हे मला तुम्हाला कधी सांगता आलं नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाही. आता ऐका. मधल्या खेळाडूला चेंडू सारखा मिळत असतो. त्याचं अंग गरम राहतं. दोन चुका झाल्या तरी तिसऱ्यांदा काहीतरी बरं होतं आणि लोक आधीचं विसरतात. आमचं तसं नाही. आम्ही रेघेवर उभे. खेळ तिकडे चालू आहे, धूळ उडते आहे, आरडाओरड होते आहे, आणि आम्ही ताटकळतो आहोत. मागे लोक भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले असतात, ते आम्हाला घरचं विचारतात. मग अचानक चेंडू येतो. समोर बॅक उभा, त्याच्या मांड्या खांबासारख्या. त्या एका क्षणात पायाने ठरवायचं असतं, डोक्याला विचारायला वेळ नसतो. कधी पाय ठरवतो आणि सगळं मैदान उभं राहतं. कधी पाय ठरवत नाही. का ठरवत नाही? मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. आणि मला त्याची लाज वाटत नाही.

गिरणीच्या टीमने मला उचललं तेव्हा मिसरूड नुकतीच फुटली होती. नाव कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात, काम फुटबॉल खेळायचं. त्या काळी गिरण्यांची अशीच रीत होती, आणि महिन्याच्या महिन्याला माझा पगार घरी येऊ लागला. शेजारी म्हणायचे, पोरगं लाथा मारून पोट भरतं. मी चांगला खेळलो की गिरणीतले लोक संध्याकाळी घरापर्यंत पोचवायला यायचे, खांद्यावर हात टाकून, मोठमोठ्याने बोलत. वाईट खेळलो की एकटाच यायचो, मागच्या गल्लीने. तुम्ही डोकं वर न करता सांगून टाकायचात, "आज जाड. आज बारीक." पावलांच्या आवाजावरूनच! सामना बघायला मात्र नाही आलात. मैदान काही लांब नव्हतं, आबा. तुम्ही जरीवाल्याकडे जायचात ना, त्याच रस्त्यावर होतं.

आणि मग तो दिवस. तुम्हाला तो आठवतही नसेल, तुमच्या दृष्टीने त्यात विशेष काही घडलं नव्हतं. माळव्यातल्या एका संस्थानाच्या महाराजांना फुटबॉलचं वेड लागलं होतं. त्यांच्या टीमचा कारभार बघणारा कप्तान साहेब, गोरा, लाल मानेचा, तो मला बघून गेला होता. तो बरोबर एक मुनशी घेऊन थेट आपल्या दारात आला. नाव लिहायचं पहारेकऱ्यांत, राहायला पक्कं घर, नोकरी कायमची, फक्त खेळायचं. सगळी गल्ली दारात गोळा झाली. मायने पितळी पेले घासून घेतले आणि साहेब आपल्या हातचं पाणी पितो की नाही या काळजीत उभी राहिली. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. महाराजांचा हुकूमच होता म्हणे, की माणूस कायमचा घ्यायचा तर घरातल्या वडीलधाऱ्याचा शब्द घ्यायचा. मुनशी तुमच्यासमोर बसला, पान तोंडात धरून अदबीने विचारलं, "कहिए साहब, लड़का कैसा है?"

बापाने यावर काय म्हणायचं असतं? जगातला कुठलाही बाप काय म्हणाला असता? तुम्ही हातातली तार खाली ठेवलीत, विचार केलात, खरंच विचार केलात, मी बघत होतो, आणि म्हणालात, "खरं सांगू? पोरगं चांगलं हाय. पण जाडबारीक हाय."

मुनशीला मराठीचे चार शब्द येत होते, तेच नेमके घात करायला पुरले. तो दचकला. "जाड-बारीक? मतलब, कभी मोटा, कभी दुबला?" आणि तुम्ही, धन्य तुमची, मान डोलावून आपल्या हिंदीत सांगितलंत, "हौ. कभी मोटा, कभी पतला. एक-सा नहीं रहता. बचपन से ऐसाच है." मुनशीने साहेबाच्या कानात काय सांगितलं देव जाणे. साहेबाने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, माझ्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, जीभ काढायला लावली. मला क्षय आहे की पटकी, असा काहीतरी त्याचा समज झाला होता. मग पलीकडच्या धान्यवाल्याच्या वखारीत जो मोठा काटा होता, ज्यावर कापसाची आणि ज्वारीची पोती चढायची, त्यावर मला बसवलं. सगळ्या गल्लीसमोर! एका पारड्यात मी, दुसऱ्यात लोखंडी वजनं. पोरं टाळ्या पिटत होती. आणि तुम्ही दारात उभे राहून शांतपणे बघत होतात. तुम्हाला त्यात वावगं काही वाटलंच नाही. नंतर तुम्ही मायला सांगितलंत ते मी ऐकलं आहे: "साहेब लोक हायेत. माल तोलूनच घेतात."

कायमची नोकरी गेली. साहेबाने फक्त एका हंगामापुरतं घेतलं, "तब्येत टिकली तर पुढचं बघू" म्हणून. घर नाही, पहारेकऱ्यांच्या लांब खोलीत एक खाट. ते लोक गेले आणि मी तुमच्यावर तुटून पडलो. तोवर मी तुमच्यापुढे आवाज चढवला नव्हता. मी म्हणालो, "तुम्हाला गोड बोलता नाही आलं? एकदा? माझ्यासाठी?" तुम्ही माझ्याकडे असे बघायला लागलात की जणू मीच परका माणूस आहे. म्हणालात, "गिऱ्हाईक दारात उभं हाय. मालाचं खरं सांगाव का नाही? तुझा आजा बी असंच सांगे, मी बी असंच सांगतो. खोटं सांगून माल खपवला तर उद्या कोण येणार हाय या दारात?" मी ओरडलो, "मी माल नाही! मी तार नाही!" मायने दार लावून घेतलं. तुम्ही खाली बसलात, तार उचललीत आणि पुन्हा कामाला लागलात. मी तुमच्याकडे बघितलं नाही. बघायचंच नव्हतं.

संस्थानात काय झालं ते ऐका, हसाल. दर शनिवारी माझं वजन व्हायचं. हत्तीखान्याजवळ चाऱ्याचा काटा होता त्यावर. मुनशी स्वतः उभा राहायचा. वजन वाढलं की मला दूध बंद, उतरलं की दुधात तूप. एका सामन्याच्या दिवशी माझं पोट इतकं बिघडलं की मी मैदानात धावू की परसाकडे धावू अशी गत झाली, आणि तो सामना आम्ही हरलो. "देखा!" मुनशी म्हणाला. मी त्याला समजावून सांगायला पाहिजे होतं म्हणाल. काय सांगू? मोटा-दुबला नाही, साहेब, माझा बाप म्हणाला त्याचा अर्थ, माझ्या खेळाचा भरवसा नाही? हे सांगितलं असतं तर तो हंगामही हातचा गेला असता. तेव्हा मी आजारी माणसासारखा तोलला जात राहिलो आणि खेळत राहिलो. बुऱ्हाणपूरचा एक आचारी तिथे होता, त्याच्याकडून शब्दाचा खरा अर्थ पोरांपर्यंत पोचला, पोरांकडून मैदानावर. मी चेंडू घेऊन निघालो की लोक ओरडायचे, "जाड! जाड! जाड!" आणि चेंडू गेला की एकदम सूर खाली, "बारीऽऽक." पाच-सहा हजार माणसं आबा, तुमचा शब्द घेऊन माझ्यामागे लागलेली.

तरी हंगामामागून हंगाम त्यांनी मला ठेवलं, हे लक्षात घ्या. का ठेवलं? कारण ज्या दिवशी जमायचं त्या दिवशी मला अडवणारा माणूस त्या मुलखात नव्हता. हे मी फुशारकीने सांगत नाही. फुशारकीने सांगतो असं वाटलं तर तसंच समजा. पण माझा सगळ्यात मोठा दिवस ना महाराजांसमोर आला, ना साहेबांसमोर. तो आला आपल्या जवळच्या शाहपुरात. सुट्टीवर घरी आलो होतो, कापूस वेचून झाला होता, तिथल्या केळीवाल्यांनी मोकळ्या रानात सामने भरवले होते आणि बक्षिसाला केळीचा घड. मी गंमत म्हणून गेलो. चेंडू पहिल्यांदा पायाशी आला तेव्हाच कळलं. अंगावर काटा आला. बॅक म्हणजे तिथल्या पाटलाचा भाचा, रेड्यासारखा. मी त्याला बाहेरून चकवलं, तो पडला. मी थांबलो. तो उठेपर्यंत थांबलो आणि त्याला आतून चकवलं. लोक हसून हसून बांधावरून खाली पडले. तोही हसायला लागला बिचारा. मग कोपऱ्यावरून मारलेला चेंडू हवेत असा वळला की कुणाच्याही अंगाला न लागता सरळ आत गेला. त्यानंतर मी काय केलं ते मला स्वतःलाही सांगता येणार नाही. आतून हसू फुटत होतं आणि पाय आपले आपण चालले होते. शेतकऱ्यांनी मला बैलगाडीत बसवून सगळ्या गावातून फिरवलं. तो घड खांद्यावर मारून मी घरी आलो. तुम्ही विचारलंत, "हे कायचं?" मी म्हणालो, "खेळलो त्याचं." तुम्ही एक केळं तोडलंत, सोललंत, खाल्लंत. "गोड हाय," म्हणालात. आणि हात पुसून पुन्हा तारेकडे वळलात.

एवढं विचारायचं होतं, आबा. कसा खेळलास? दोन शब्द. मी तुम्हाला तो पाटलाचा भाचा करून दाखवला असता त्या पुढच्या खोलीत, तुमच्या भट्टीभोवती.

तुमचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. एकसारखी तार विकते. सगळं जग एकसारख्या मालावर चालतं, गाड्या वेळेवर याव्यात, भाकरी रोज तीच लागावी. पण शाहपुरातल्या त्या दुपारी जे झालं ते एकसारख्या माणसाच्या हातून होत नाही. मी असे लेफ्ट आउट बघितले आहेत जे कधी वाईट खेळले नाहीत. भला माणूस, चेंडू घेतला, दिला, मागे आला. त्यांना बघायला कुणी रान तुडवत आलं नाही. मी बुऱ्हाणपुरात खेळलो की मला बघायला लोक असीरगढच्या पायथ्यापासून चालत यायचे आणि दहा वेळा शिव्या घालत परत जायचे, आणि अकराव्या वेळी पुन्हा यायचे. ते मूर्ख होते का? त्यांना तो दिवस सापडायला हवा होता. ज्यांना सापडला ते म्हातारे होऊन बाजारात माझा हात धरतात. मी वाया गेलो नाही. हे मी तुम्हाला ठणकावून सांगतो. माझ्या वाईट दिवसांची भरपाई मी कुणाला देणं लागत नाही.

आलात तुम्ही, एकदा. न सांगता. महाराजांच्या ढालीच्या स्पर्धेतला शेवटचा सामना, समोर छावणीतले गोरे, बूट घातलेले. आमच्या मधल्या खेळाडूचा, सेंटरचा, गुडघा सुजला होता म्हणून तो बाहेर बसला होता, त्याच्या शेजारी छत्री उघडून कोण बसलं आहे म्हणून बघतो तर तुम्ही. मांडीवर डबा. सगळ्या टीमसाठी बुऱ्हाणपूरची दराब्याची मिठाई घेऊन आगगाडीत बसून आलेले. आणि मी त्या दिवशी इतका वाईट खेळलो, इतका वाईट, की आठवलं तरी कान तापतात. माझा पाय मला ओळखत नव्हता. चेंडू माझ्या नडगीला लागून बाहेर जात होता. लोकांनी सुरुवातीला तो शब्द हसत म्हटला, मग चिडून, मग सगळं मैदान एकसुरात. आणि तुम्ही मधे बसलेले.

पुढचं मला सेंटरने सांगितलं, संध्याकाळी. तुमच्या पुढे एक जाडजूड दुकानदार बसला होता, तो सगळ्यात मोठ्याने ओरडत होता. तुम्ही छत्री मिटलीत आणि तिच्या टोकाने त्याच्या खांद्यावर टोचलंत. तो वळला. तुम्ही विचारलंत, "तुम्ही तारकशी करता काय?" तो म्हणाला, नाही, माझं किराणा आहे. "कधी तार वढली हाय? कधी जंतर हातात धरलं हाय?" नाही. "मंग तो शबुद तुमचा नाही. तो वापरायचा नाही." माणूस दुप्पट आकाराचा होता तुमच्या, पण गप्प बसला म्हणे. सेंटर हे सांगताना हसत होता, पण मला हसू आलं नाही. मला राग आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्यासाठी तोंड उघडलंत, आणि ते तरी माझ्यासाठी होतं का? तुम्ही शब्दासाठी भांडलात. माझा पोरगा वाईट खेळत नाही, असं म्हणाला नाहीत. वाईट खेळतो हे म्हणायचा हक्क फक्त माझा, असं म्हणालात. सामना संपल्यावर मी घामाने चिंब तुमच्यासमोर उभा राहिलो. वाट बघत होतो. शिवी द्या, त्या शेवटच्या भोकातून ओढा, काहीतरी करा. तुम्ही डब्याचं झाकण काढलंत. "आधी खाऊन घे," म्हणालात. "मंग मी जातो, गाडी हाय."

त्याच पावसाळ्यात तार आली, दुसऱ्या तऱ्हेची तार. हिवताप. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भट्टी थंड होती.

आता जे सांगतो ते मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही गेल्यावर मी सुधारलो, आबा. खरंच. संस्थानात परत गेलो आणि एकसारखा खेळायला लागलो. चेंडू घेतला, दिला, मागे आलो. नडगीला लागून बाहेर जायचा बंद झाला. पण अंगावर काटाही पुन्हा आला नाही. साहेब खूश झाला, वजन करणं बंद झालं, ज्या घरासाठी आपण भांडलो ते पक्कं घर मिळालं. मैदानावरून तो शब्द हळूहळू गेला. लोकांना ओरडण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुट्टीत घरी खेळलो तरी असीरगढवरून चालत येणारे यायचे थांबले. मी बरीच वर्षं तसा खेळलो आणि शेवटी निरोप समारंभात मला शाल दिली. भाषण करणारा म्हणाला, भरवशाचा खेळाडू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघत बसलो.

तो काटा पुन्हा आला नाही तो गुडघे गेले म्हणून नव्हे, वय झालं म्हणून नव्हे. मी स्वतःला बरंच काही सांगून बघितलं. खरी गोष्ट एवढीच की चेंडू यायच्या आधी रेघेवर उभा असताना मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत असायचो. थांब म्हाताऱ्या, आता बघ. कधी पाय चालायचा, कधी नाही, पण भांडण चालू असायचं. तुम्ही गेलात आणि मी रेघेवर नुसता उभा राहायला लागलो.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुम्ही मला चुकीचं तोललंत, हे माझं म्हणणं कायम आहे, मरेपर्यंत कायम राहील. पण तुम्ही आणखी थोडी वर्षं राहायला हवे होतात, आबा. माझं भांडण अर्धंच झालं होतं.